घर पूर्ववत बिघडवण्याबाबत

साखरेचा डबा स्वयंपाकघरात नेमका कुठे असतो, हे उपअधीक्षकांना लग्न झाल्यापासून माहीत नव्हतं, आणि त्यांच्या या अज्ञानावर त्यांचं घर अत्यंत सुरळीत चाललं होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकदा चहा करायला घेतला होता. साखर सापडेना म्हणून बायकोला हाक मारली, मग पातेलं सापडेना म्हणून मारली, मग गॅस पेटेना म्हणून मारली. शेवटी बायको उठून आली आणि म्हणाली, “राहू द्या, मीच करते.” हे वाक्य उपअधीक्षकांनी कायमस्वरूपी आदेश समजून स्वीकारलं. पुढे त्या आदेशाचा भंग त्यांच्या हातून कधीही झाला नाही.

त्यांना आळशी म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. हे त्यांचं प्रशिक्षण होतं आणि ते त्यांना कार्यालयाने दिलं होतं. त्यांच्या कार्यालयात एखाद्याला एखादं काम येतं असं उघडकीला आलं, की ते काम निवृत्तीपर्यंत त्याच्या गळ्यात पडतं. शेजारच्या टेबलावरचे वरिष्ठ लिपिक एके काळी मसुदे लिहिण्यात वाकबगार म्हणून ओळखले जात. एकदा प्रिंटरमध्ये कागद अडकला. सगळं कार्यालय हाताची घडी घालून उभं असताना या भल्या माणसाने झाकण उघडलं आणि कागद ओढून काढला. तेव्हापासून त्यांचं नाव प्रिंटरवाले. वरच्या मजल्यावरूनही त्यांना बोलावणी येतात. बढतीची वेळ आली तेव्हा साहेबांनी शेरा मारला, की यांना हलवलं तर प्रिंटर कोण बघणार? त्या बढतीवर आपले उपअधीक्षक बसले. प्रिंटर हा शब्दही ते जपून उच्चारतात.

तर अशा या सुरळीत घरावर एक दिवस प्रसंग ओढवला. उपअधीक्षकांचे सासरे न्हाणीघरात घसरले, मांडीचं हाड मोडलं, आणि बायको मुलीला घेऊन माहेरी निघाली. मुलीच्या कॉलेजला सुट्टी होती. निघताना बायकोने फ्रिजमध्ये डबे रचून ठेवले, गॅसची शेगडी नवऱ्याला दुरून दाखवली आणि तिला हात लावू नका असंही बजावलं. परत कधी येणार, हे सासऱ्यांच्या हाडावर अवलंबून होतं.

फ्रिजमधलं संपलं. मग बाहेरचं खाणं सुरू झालं, आणि पोटाने लवकरच असहकार पुकारला. एका सकाळी उपअधीक्षक दुधाची पिशवी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांनी मागे वळून पाहिलं. घरात कोणी नव्हतं. साक्षीदार नसताना एखादं काम येणं हे काम येण्यात मोडत नाही, असा त्यांनी नियमांचा अर्थ लावला, आत गेले, आणि वरच्या फळीवर डावीकडे हात घातला. साखर तिथेच होती. न शोधता हात तिथे कसा गेला, याचं त्यांना स्वतःलाही नवल वाटलं, पण आधण उकळायला लागलं होतं.

चहा चांगला झाला. मग त्यांनी भात लावून पाहिला, तो मोकळा झाला. भाजी केली, ती पहिल्यांदा करपली आणि दुसऱ्यांदा अशी काही जमली, की त्यांनी ताट पुसून खाल्लं. कपड्यांच्या यंत्राला बटणं फार होती, पण त्यांतलं एकच दाबायचं असतं हे त्यांच्या लक्षात आलं. सरकारी यंत्रणेत उभी हयात घालवलेल्या माणसाला यंत्राने सांगितल्याबरोबर काम सुरू करावं, हा अनुभव नवीन होता. संध्याकाळी रेडिओ लावून ते कांदा बारीक चिरत, लसूण परतत, आणि मधूनच आवाज सोडून गात. खरं सांगायचं तर ते सुखी होते. इतके सुखी ते बढतीच्या दिवशीही नव्हते.

आणि मग फोन आला. हाड जुळलं, रविवारी येतोय.

आनंदाची बातमी ऐकून माणूस हादरतो कसा, हे ज्यांना कळत नाही त्यांनी उपअधीक्षकांची अडचण समजून घ्यावी. घर आरशासारखं लखलखत होतं. ओट्यावर डाग नव्हता. कपाटात इस्त्रीच्या शर्टांची चळत होती. हे सगळं बायकोने पाहिलं, की त्यांच्या कैक वर्षांच्या अज्ञानाचा एका क्षणात बोऱ्या वाजणार होता. सकाळचा चहा, संध्याकाळची भाजी, रविवारची धुणी, सगळं गळ्यात पडणार, आणि तेही कायमचं. त्यांनी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रिंटरवाल्यांना कोपऱ्यात घेतलं आणि परिस्थिती सांगितली.

प्रिंटरवाल्यांनी घास खाली ठेवला. “घर सध्या कसं आहे?”

“स्वच्छ.”

“किती स्वच्छ?”

“फारच.”

प्रिंटरवाल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “संपलात राव तुम्ही,” ते म्हणाले. “माझ्याकडे बघा. मी फक्त एक झाकण उघडलं होतं.”

मग दोघांनी विचारविनिमय करून निर्णय घेतला, की रविवारपूर्वी घर पूर्वस्थितीत आणावं. पूर्वस्थिती म्हणजे एकटा पुरुष घरी राहिला असता घराची जी अवस्था अपेक्षित असते ती.

शनिवारी उपअधीक्षकांनी दिवसभराची रजा टाकली आणि घर बिघडवायला घेतलं. काम वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. दूध मुद्दाम उतू घालवायचं म्हणून शेगडीजवळ उभे राहिले, तर ते उतू जाऊ लागताच हात आपोआप बटणाकडे जाई. शेवटी ते बाहेरच्या खोलीत जाऊन कानांत बोटं घालून बसले. पातेलं छान जळलं. ते त्यांनी मोरीत टाकलं, त्यावर खरकटी ताटं टाकली, सोफ्यावर कपड्यांचा ढीग केला, आणि केरभरणीतला केर पुन्हा खोलीभर पसरला. पण ज्या माणसाने आयुष्यभर फायली क्रमाने लावल्या, त्याच्या हातून बेशिस्तही शिस्तीतच होते. शेगडीवर सांडलेलं दूध त्यांनी नकळत पुसून टाकलं होतं. मोरीतली खरकटी भांडी खाली मोठं आणि वर लहान अशी रचली गेली होती. सोफ्यावरच्या ढिगातल्या प्रत्येक शर्टाची व्यवस्थित घडी होती. केरसुद्धा सगळ्या खोल्यांत समप्रमाणात वाटलेला होता. उपअधीक्षकांना यात काहीच वावगं दिसलं नाही.

रविवारी बायको आली. तिने बॅग खाली ठेवली, मोरीत पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं.

“बिचारे,” ती मग म्हणाली. “फार हाल झाले तुमचे.”

उपअधीक्षकांनी मान खाली घातली. दाढी त्यांनी तीन दिवस वाढवलेली होती, ती या क्षणी कामी आली. बायकोने पदर खोचला, मुलीने झाडू घेतला, आणि तासाभरात त्यांच्या हातात आयता चहा आला. कोण सुटका वाटली त्यांना. संसार पुन्हा रुळावर आला होता. चहात साखर जरा कमी होती आणि तो थोडा जास्त उकळला होता, हे त्यांना कळलं, पण असलं काही कळण्याची सोय आता उरली नव्हती.

ही सुटका शेजारच्या काकू येईपर्यंत टिकली. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होती. वडिलांच्या हाडाची चौकशी उरकून काकू म्हणाल्या, की भाऊजींनी मात्र कमाल केली, रोज संध्याकाळी लसूण परतल्याचा असा काही वास यायचा की आमच्याकडे सगळ्यांचं जेवणावरचं लक्ष उडायचं.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. उपअधीक्षकांनी कप खाली ठेवला. पण ते काही नवखे नव्हते. चौकशीला उत्तर देताना दोष दुसऱ्या विभागाकडे ढकलायचा असतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

“स्वयंपाकी लावला होता,” ते म्हणाले. “पोट बिघडलं म्हणून.”

“मग हे जळकं पातेलं?”

“तो येणं बंद झाल्यानंतरचं.”

उत्तर बिनतोड होतं, आणि इथेच घात झाला. बायको खुर्चीत बसली आणि म्हणाली, की मग त्याला पुन्हा बोलवा. वडिलांचं करून करून ती पार थकली होती, आणि एवढा हातखंडा माणूस मिळालेला असताना तिने का राबावं? काकूंनीही लगेच दुजोरा दिला. उपअधीक्षकांनी सांगितलं, की त्याला वेळ नसतो, तो आता एका कार्यालयात लागलाय. कोणत्या, असं बायकोने विचारल्यावर दुसरं कोणतं नाव न सुचल्यामुळे ते म्हणाले, आमच्याच.

“मग तर प्रश्नच मिटला,” बायको म्हणाली. “त्याने तिथे करावं, तुम्ही येताना डबा घेऊन या.”

अशा रीतीने आपल्याला स्वयंपाक येतो हे घरात कळू नये, एवढ्यासाठी उपअधीक्षकांना रोज स्वयंपाक करणं भाग पडलं.

कार्यालयात अभिलेखकक्षाच्या मागे चहाची खोली होती. तिथे एक विजेची शेगडी होती आणि एक नळ होता. उपअधीक्षक कार्यालय उघडायच्या आधी तासभर पोचू लागले आणि संध्याकाळी भांडी घासून मगच निघू लागले. पिशवीत भाजी आणि वर फायली. प्रिंटरवाले दाराशी पहाऱ्याला उभे राहत. सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांच्या नंतर जाणारा अधिकारी या कार्यालयाच्या इतिहासात झाला नव्हता, त्यामुळे महिन्याअखेरीस त्यांचा उत्कृष्ट वक्तशीरपणाबद्दल सत्कार झाला. सत्काराच्या वेळी त्यांच्या बोटांना लसणाचा वास येत होता. अधीक्षकसाहेबांनी हस्तांदोलन केलं आणि हात नाकापाशी नेऊन ते विचारात पडले.

आठवडाभराने साहेबांनी परिपत्रक काढलं. कार्यालयात सकाळच्या वेळी अनधिकृत वास येत असून त्यामुळे कर्मचाऱ्यांना भूक लागते आणि कामात व्यत्यय येतो. काम आधी कधी होत होतं, याचा परिपत्रकात उल्लेख नव्हता. वासाच्या उगमाचा शोध घेण्यासाठी समिती नेमण्यात आली. स्वयंपाकातलं काहीही कळत नसलेला, म्हणून निःपक्षपाती ठरणारा अधिकारी हवा होता. उपअधीक्षकांची कीर्ती सर्वांना ठाऊक होती. त्यांना साखरेचा डबासुद्धा सापडत नाही, हा विनोद दर वार्षिक समारंभात होत असे. समितीचे सदस्य-सचिव म्हणून त्यांचीच नेमणूक झाली.

समितीने कसून तपास केला. अभिलेखकक्षात वास येत नाही, कारण तिथे कोणी जात नाही, असं आढळलं. चहाच्या खोलीत वास तीव्र आहे, मात्र तीव्र वास हा उगमाचा पुरावा मानता येणार नाही, असं मत सदस्य-सचिवांनी मांडलं आणि ते एकमताने मान्य झालं. उगम निश्चित होईपर्यंत निष्कर्ष काढू नये, आणि दरम्यान वास जसा आहे तसा चालू ठेवावा. केवळ अभ्यासाच्या दृष्टीने त्याचा एक नमुना दररोज जेवणाच्या सुट्टीत समितीपुढे ठेवावा, अशी शिफारस साहेबांनी स्वतःच्या हाताने घातली. नमुना पोटभर असावा, हे तोंडी सांगितलं.

आता उपअधीक्षक घरचा डबा, वासाला भुलून काकूंनीही लावून घेतलेला डबा आणि समितीचा नमुना करू लागले. संध्याकाळी घरी आले, की ते सोफ्यावर आडवे होत, आणि बायको त्यांच्या हातात आयता चहा देई. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, किती हा माणूस भाग्यवान.

पण त्यांना एक गोष्ट आतून खाऊ लागली होती. जेवायला बसलं की बायको पहिला घास घेई, डोळे मिटे आणि म्हणे, “काय हात आहे त्याचा.” मुलगी बोटं चाटत म्हणे, “बाबा, त्याला सांगा ना, कालच्यासारखी उद्या पण कर.” मग बायको नवऱ्याकडे पाहून हसून म्हणे, की कोणाच्या हातात काय कला असते बघा, नाहीतर तुम्ही. उपअधीक्षक मान डोलावत आणि खाली बघून जेवत. स्वतःच्याच हातच्या भाजीचं कौतुक स्वतःच्याच ताटाशी बसून दुसऱ्याच्या नावावर ऐकायचं, ही शिक्षा कुठल्याही सेवानियमात नाही. त्यांना त्या स्वयंपाक्याचा मत्सर वाटू लागला. एकदा तर ते म्हणूनही गेले, की तो काही एवढा ग्रेट नाही, कधी कधी खारट करतो.

“चुकतं एखाद्या वेळी,” बायको म्हणाली. “माणूस कष्टाळू आहे, त्याला नावं ठेवू नका.”

पुढच्या आठवड्यात तिने त्या कष्टाळू माणसासाठी एक एप्रन शिवला. निळा, जाड कापडाचा, हात पुसायला खिशावर वेगळी पट्टी. मापासाठी तिने नवऱ्यालाच समोर उभं केलं, साधारण तुमच्याच अंगाचा असेल म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या खोलीत उपअधीक्षकांनी तो घातला. पोटाशी, खांद्याशी, सगळीकडे तंतोतंत बसला. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर इतक्या बेताचं काही बसलं नव्हतं. ते शेगडीसमोर नुसतेच उभे राहिले, आणि त्यांचा कांदा जळाला.

“काय झालं?” प्रिंटरवाल्यांनी दारातून विचारलं.

“मी आज घरी सांगून टाकणार आहे.”

“वेड लागलंय का? जन्मभर करावं लागेल.”

“आता तरी काय करतोय?”

प्रिंटरवाले प्रिंटरकडे निघून गेले.

उपअधीक्षक त्या दिवशी दुपारीच निघाले. वाटेत त्यांनी वाक्यांची जुळवाजुळव केली. तो मीच, असं म्हणायचं आणि मग थांबायचं, हे त्यांनी ठरवलं. बायकोचा चेहरा कसा होईल ते त्यांना दिसत होतं. ती आधी थक्क होईल, मग काकूंना बोलावेल, काकू आपल्या नवऱ्याला बोलावतील. रविवारी दोन भाज्या करून दाखवता येतील. या विचारानेच त्यांच्या चालीत जोर आला. त्यांनी स्वतःजवळच्या किल्लीने हळूच दार उघडलं, आणि स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज आला.

“आई, सांगून टाकूया ना बाबांना, की आपल्याला माहितीये. बिचारे तोंड पाडून जेवतात.”

“अजिबात नाही.”

“तुला कळलं तरी कधी?”

“आले त्याच दिवशी. पातेलं जळलेलं, आणि शेगडी पुसलेली. खरकटी भांडी कोणी उतरंड लावून ठेवतं का?”

दोघी हसल्या. उपअधीक्षक एका पायात चप्पल आणि एक पाय मोकळा, असे उंबऱ्यात उभे होते.

“पण मग सांगायला काय हरकत आहे?” मुलगी म्हणाली. “छान करतात ते.”

“छान करतात म्हणूनच,” बायको म्हणाली. “हे बघ, उघड केलं असतं तर आठवड्यातून एकदा केलं असतं, आणि दहा जणांना सांगितलं असतं, मी घरात मदत करतो म्हणून. ओटा मी पुसला असता, आणि कौतुकही मीच केलं असतं. आता चोरून करतात, म्हणून रोज करतात. मुकाट्याने, आणि मागचं आवरूनसुद्धा येतात. चांगलं माणूस मिळालंय, त्याला बिथरवू नकोस.”

उपअधीक्षकांनी दुसरी चप्पलही पायात घातली, दार अलगद लोटलं, आणि जिन्यावर जाऊन बसले. जुळवलेलं वाक्य आता कोणाला सांगायचं ते त्यांना कळेना. नेहमीची यायची वेळ झाली तेव्हा ते उठले आणि त्यांनी घंटी वाजवली.

बायकोने दार उघडलं, डबा घेतला. “दमलात?”

“चहा मिळाला असता तर.”

“टाकते. माझे हात ओले आहेत, साखर तेवढी काढून द्याल? वरच्या फळीवर आहे.” ती क्षणभर थांबली. “उजवीकडे.”

उपअधीक्षक फळीसमोर उभे राहिले. हात डावीकडे निघाला होता, तो त्यांनी वळवला. उजवीकडे त्यांनी बराच वेळ चाचपलं, मिठाची बरणी हलवली, रिकामा डबा वाजवून पाहिला.

“दिसत नाही गं,” ते म्हणाले.

“राहू द्या,” बायको म्हणाली, “मीच करते.”

अगदी तोच आवाज, लग्नानंतरच्या त्या पहिल्या आठवड्यातला. उपअधीक्षक वळून बाहेरच्या खोलीत आले आणि सोफ्यावर बसले. त्या दिवशी हा आदेश देताना तिला काय काय कळलं होतं, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा पडला. तो विचारायची मात्र सोय नव्हती. आतून आधणाचा आवाज येत होता.

ही हकीकत मी अनेकांना सांगितली. ऐकणारा प्रत्येक गृहस्थ उपअधीक्षकांना पोट धरून हसला, आणि हसणं आटोपल्यावर त्याने आत हाक मारून आणखी अर्धा कप मागवला. तुमचाही कप एव्हाना रिकामा झाला असेल. खुशाल हाक मारा, साखर कुठे आहे तेही विचारा. उत्तर नेहमीसारखंच मिळेल. तुम्हाला ते ठाऊक नाही असं आत अजून कोणाला वाटतं, एवढं मात्र धरून चालू नका.